तळ्यातला डीकन

केझायाला घाबरायला निमित्त लागायचं नाही. टोस्टरमधून पाव टुणकन वर उडाला तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. पंधरा वर्षांची झाली, उंचीनं मावशीच्याही वर गेली, पण पाल दिसली की ही खुर्चीवर उभी! त्यातून राहायचं कुठे, तर फ्लोरिडात. तिथे घरामागच्या सरोवराच्या काठावर मगरी ऊन खात पसरलेल्या असतात, आणि गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघावं तसं लोक त्यांच्याकडे बघतात आणि पुढे जातात.

लव्हीमावशी मात्र कशाला म्हणजे कशाला भ्यायची नाही. ती केझायाच्या आईची थोरली बहीण. आई लांबच्या शहरात नर्स, म्हणून शाळेचे दिवस केझाया मावशीकडेच काढायची. मावशीनं उभा जन्म शाळेची पिवळी बस चालवली होती. रस्ता ओलांडणाऱ्या पोरांना ती बसमधूनच खुणा करायची. पंजा उभा केला की जागचं हलायचं नाही, मग आभाळ कोसळो. बोट दाखवलं की निघायचं, सरळ, न धावता. लहानपणी केझायाही त्याच खुणांवर रस्ता ओलांडत आली होती. पोरांच्या किंचाळ्या ऐकून ऐकून आपले कान गेले, असं मावशी म्हणायची. आता दोन्ही कानांत मशिनं असतील तरच तिला ऐकू येई.

निवृत्त झाल्यावर मावशीनं एकच वेड घेतलं, परसातल्या तळ्याचं.

आणि तळं म्हणजे काय साधंसुधं! काठावर एक वठलेलं झाड, त्याच्या फांद्याफांद्यांना निळ्या बाटल्या उलट्या खोचलेल्या. वारा सुटला की त्या हुंकारायच्या. वाईट भुतं त्या बाटल्यांत शिरतात आणि तिथेच अडकून पडतात, असं मावशीची आजी सांगायची. एका बाजूला फुटक्या-तुटक्या किटल्यांचा मनोरा. वरच्या किटलीच्या तोटीतून खालच्या किटलीत, तिच्यातून आणखी खालच्या, असं करत पाणी खळाळत तळ्यात उतरायचं. समोर दगडी धबधबा. आणि धबधब्याशेजारी खांबाला लावलेली, बसच्या अंगावरची लाल अष्टकोनी स्टॉपची पाटी! पोरं चढता-उतरताना बसमधून ही पाटी बाहेर येते आणि मागची-पुढची सगळी वाहनं थांबतात. निवृत्तीच्या दिवशी बसवाल्यांनी ती मावशीला भेट दिली होती. बिजागरीवर फिरायची. एरवी खांबाला मिटून असायची, दांडा ओढला की करकरत बाहेर यायची.

"ही कुणासाठी गं, लव्ही?" शेजारच्या मिस्टर हॉलिसनी कुंपणावरून विचारलं होतं. "कासवांना रस्ता ओलांडायचा असतो का?"

"तुमच्यासाठी आहे," मावशी म्हणाली. "तोंड सुटलं की मी ती उघडणार."

शिवाय मावशीनं पाण्यात काळा रंग सोडला होता. माशांना त्याचा त्रास नसतो, पण तळ दिसेनासा होतो आणि आभाळ, ढग, निळ्या बाटल्या असं सगळं पाण्यावर आरशासारखं उमटतं. बघणारे वा वा म्हणायचे. केझायाला तो आरसा बघूनच कसंतरी व्हायचं. खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणजे खाली काहीही असू शकतं की!

राहता राहिला डीकन.

डीकन म्हणजे मगरीचं मुंडकं. प्लास्टिकचं. पाण्यावर तरंगणारं, नुसते डोळे आणि नाकपुड्या वर. तळ्यातले रंगीत कोई मासे बगळे उचलून नेतात, म्हणून तिकडे घरोघरी तळ्यात असं एखादं मुंडकं सोडलेलं असतंच. चर्चमध्ये पहिल्या बाकावर डीकन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस, असलेले बून नावाचे एक गृहस्थ बसायचे आणि सगळं प्रवचनभर उघड्या डोळ्यांनी झोपायचे. पापणी म्हणून हलायची नाही. त्यांच्यावरून हे नाव.

हिवाळ्यात डीकन आला आणि केझायाची पाचावर धारण बसली. रोज सकाळी परसदार उघडायचं, ते मुंडकं दिसायचं आणि रोज किंकाळी.

"मावशी! मगर!"

"प्लास्टिकची," मावशी आतून म्हणायची.

"मावशी, हलली ती!"

"वाऱ्यानं हलला गं बाई तो. ये आत, लापशी गार होतेय."

मिस्टर हॉलिसना तर आयताच विषय मिळाला. ते एकटे राहायचे आणि संध्याकाळी सरोवरावरच्या आपल्या लाकडी धक्क्यावर बसून मगरींना मार्शमेलो टाकायचे. ते पांढरे, गुबगुबीत, गोड गोळे पाण्यावर तरंगायचे आणि मगरी ते गपागप गिळायच्या. कायद्यानं बंदी होती. मावशी तर त्यांच्यावर उखडायचीच.

"हॉलिस, तुम्ही त्यांना शिकवताय की माणूस म्हणजे खाऊचा डबा. भीड चेपली की त्या परसात येतील हां."

"अगं, लेकरासारख्या आहेत. त्यातली एक तर मी नुसता खोकलो तरी येते बघ." मग केझायाकडे वळून, "काय गं भित्री भागूबाई, घे ही एक पिशवी. तुझ्या प्लास्टिकवाल्याला भरव. ओळख वाढव जरा!"

केझायानं ती पिशवी रागारागानं अवजारांच्या शेडमध्ये फळीवर टाकली होती.

पण या वसंतात काहीतरी बदललं होतं. शाळेत वादविवादाला कुणी उभं राहत नव्हतं, बाईंनी हिचं नाव घेतलं, ही लटपटत उभी राहिली आणि बोलायला लागली ती थांबेचना! पोरांनी बाकं वाजवली. त्या दिवसापासून केझायाला वाटायला लागलं की भीती म्हणजे एक सवय आहे, आणि सवयी मोडता येतात. म्हणून तिनं डीकनपासून सुरुवात केली. आधी दारातून, मग पायरीवरून, मग काठावरून रोज त्याला हात करायचा. "काय डीकन, झोप झाली का?" आठवडे गेले तशी छाती धडधडायची थांबली. नंतर तर ती त्याच्याकडे न बघताच हात करायची आणि पुढे निघून जायची. घरातल्या खुर्चीकडे आपण कुठे बघतो? तसंच.

मे महिन्यातल्या एका शनिवारी गावातल्या बागकाम मंडळाची तळ्यांची फेरी होती. त्या दिवशी लोक आपापली परसं उघडी ठेवतात आणि सगळं गाव हातात गोड बर्फाळ चहा घेऊन या तळ्याकडून त्या तळ्याकडे फिरतं. मावशीचं तळं यंदा पहिल्यांदाच फेरीत होतं. मावशीला चकित करायचं असं केझायानं ठरवलं. गुरुवारी संध्याकाळी मावशी मंडळाच्या बैठकीला गेली, तशी ही लांब दांड्याची जाळी घेऊन काठावर आली, डीकनला ओढून बाहेर काढलं आणि शेडमध्ये नेलं. तिथे जुन्या कागदांवर त्याला ठेवून तिनं त्याच्या पापण्या सोनेरी केल्या, ओठ लालभडक रंगवले आणि चर्चला जाणाऱ्या बायका घालतात तसली, रुंद काठाची, पिसं आणि जाळी लावलेली जांभळी हॅट त्याच्या टाळक्यावर चिकटवली. रंगवता रंगवता फळीवरच्या पिशवीतले दोन मार्शमेलोही खाल्ले. कधीकाळी याच मुंडक्याला बघून आपण किंचाळायचो, हे आठवून ती एकटीच हसत सुटली.

बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती. आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

बेडूक गप्प होते.

एरवी या वेळेला तळ्यावर बेडकांचा असा काही कल्लोळ चालायचा की मावशीसुद्धा मशिनं काढून ठेवायची. आज एकही आवाज नाही. नुसतं किटल्यांतलं पाणी आणि बाटल्यांचा हुंकार. कुंपणापाशी, जिथे कुठल्याशा जनावरानं खालून माती उकरून घळ केली होती, तिथलं गवत आडवं झालं होतं. मग लव्हाळ्यात काहीतरी जड, हळूच, पाण्यात उतरल्यासारखं वाजलं. डुबुक्‌सुद्धा नाही. एखाद्यानं श्वास सोडावा तसं.

केझायाच्या मानेवर काटा आला. पाय घराकडे वळलेच होते, पण तिनं स्वतःला दटावलं. झालं का सुरू? भीती म्हणजे सवय. कासव असेल. ती मुद्दाम हळूहळू चालत घरात गेली. पण दाराची कडी दोनदा बघितली, हेही खरं.

शुक्रवारी सकाळी मावशी खिडकीशी उभी राहून कॉफी पीत होती. कपाळाला आठ्या.

"मासे वर येत नाहीत गं. खाणं टाकलं तरी एक हलला नाही. सगळे धबधब्याखाली एकमेकांना चिकटून बसलेत. आणि तो मोठा नारिंगी, तो तर दिसलाच नाही."

"बगळ्यानं नेला?"

"एवढा मोठा? आणि बगळा आला असता तर पिसं पडली असती. पंपाचं काहीतरी बिनसलंय, पाण्याला हवा कमी पडतेय. दुपारी उतरते आणि बघते. उद्या गाव येणार, आणि मासे कोपऱ्यात, म्हणजे शोभा झाली!"

डीकनबद्दल मावशी अवाक्षर बोलली नाही. केझाया पाव तोंडात कोंबता कोंबता मनात खुदकन हसली. हिच्या लक्षातच आलं नाही की तो तळ्यात नाहीये! उद्या कसली मजा येईल! बस आली आणि ती पळाली.

दुपारी ती परतली तेव्हा घरात कुणी नव्हतं. ओट्यावरच्या बशीत मावशीची कानातली मशिनं होती. म्हणजे मावशी पाण्यात उतरली होती. मशिनं भिजून बिघडतात, म्हणून ती काढूनच जायची.

केझाया दप्तर टाकून परसात आली. ऊन असं की डोळे मिटावेत. मावशी धबधब्यापाशी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. अंगात छातीपर्यंतचा रबरी सूट, डोक्यावर गवती टोपी, हात धबधब्यामागच्या पंपात. इकडे पाठ. स्वतःशीच कसलं तरी भजन गुणगुणत होती, बेसूर. कमळांच्या पानांपाशी डीकन.

"काय डीकन, झोप झाली का?" केझायानं हात केला आणि शेडकडे वळली. रंग वाळला का ते बघायचं होतं.

शेडचं दार ढकललं. रंगाचा वास. खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा. आणि त्या पट्ट्यात, कागदांवर, जांभळी हॅट घालून, सोनेरी पापण्यांनी तिच्याकडे बघत बसलेला डीकन.

केझायानं त्याच्या ओठाला बोट लावलं. रंग अजून चिकट होता. बोट लाल झालं.

क्षणभर तिला काही म्हणजे काही कळलं नाही. डोक्यात नुसतं गरगरत होतं, हा इथे आहे. हा इथे आहे. मग मी आत्ता हात कुणाला केला?

मान वळवायची नव्हती, पण वळली. शेडच्या धुळकट खिडकीतून तळं दिसत होतं. कमळाच्या पानांपाशी आता कुणी नव्हतं.

ते मुंडकं तळ्याच्या मध्यावर होतं. धबधब्याच्या दिशेला तोंड करून. ते सरकत होतं, पण पाणी हलत नव्हतं. ढगांचं प्रतिबिंब नव्हतं हलत, बाटल्यांचं नव्हतं हलत. फक्त ते दोन डोळे आणि दोन नाकपुड्या. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जेवढे इंच, तेवढे फूट लांब मगर, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते अंतर जवळजवळ एक वीत होतं. बाकीची सगळी त्या काळ्या रंगाखाली.

"मावशी!"

आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला, तिसऱ्यांदा तर सगळ्या आळीत घुमला. मावशी गुणगुणतच होती. मशिनं बशीत. केझायानं मिस्टर हॉलिसच्या घराकडे बघितलं. गाडी नव्हती. फोन करावा? फोन केला, माणसं आली, तोवर? पाण्यात उडी मारावी? त्या काळ्या पाण्यात?

आणि यातलं काहीच झालं नसतं, जर मी डीकनला बाहेर काढलं नसतं! दोन मुंडकी दिसली असती. मावशीनं एका नजरेत ओळखलं असतं.

तिची नजर फळीवर गेली. मार्शमेलोची पिशवी. नुसता खोकलो तरी येते बघ, हे मिस्टर हॉलिसचं बोलणं तिला आठवलं. परसात माणसाच्या एवढ्या जवळ येणारी मगर दुसरी कुठली असणार?

पिशवी छातीशी धरून ती बाहेर आली. धावायचं नाही. धावलं की त्या वळतात. तळ्याचा काठ म्हणजे नुसते चपटे दगड, पाण्यापासून हातभर. ती त्यावरून पुढे झाली. दातावर दात आपटत होते, त्यांचा आवाज तिला स्वतःला ऐकू येत होता. एक गोळा काढला, किटल्यांच्या बाजूला नेम धरला आणि फेकला.

पण नेम चुकला आणि गोळा भलतीकडेच गेला. मावशी आणि मगर यांच्या बरोब्बर मध्ये पडला.

मुंडकं पाण्याखाली गेलं. मग पाणी फुगलं, जबडा वर आला, आतलं सगळं गुलाबी-पांढरं दिसलं आणि फट् करून मिटला. मावशीच्या पाठीपासून किती, तर हात लांब केला असता तर लागला असता. लाट जाऊन मावशीच्या पाठीवर आपटली.

"डीकन, धक्के नको देऊस," मावशी मागे न बघता म्हणाली. "मला काम करू दे."

केझायाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बसायचं नाही, बसायचं नाही, ती स्वतःला म्हणत होती. मावशीसमोर, धबधब्याशेजारी, काय होतं? लाल पाटी! ती दगडांवरून तशीच पुढे सरकली, खांबापाशी पोचली, दांडा धरला आणि ओढला. गंजला होता. हलेना. दोन्ही हातांनी, पाय खांबाला लावून, तिनं सगळा जीव त्यात ओतला. कर्रर्र करत पाटी बाहेर आली आणि थेट मावशीच्या नाकासमोर उघडली.

मावशी थिजली. विचार करून नव्हे. तिच्या हाडांनीच ते केलं. ती पाटी उघडली की सगळ्यांनी थांबायचं असतं. तिनं फक्त डोळे वर केले. काठावर केझाया उभी होती. पंजा उभा.

"काय गं? काय झालं?"

केझायानं मावशीच्या मागे बोट दाखवलं. मावशीनं हळूच खांद्यावरून बघितलं.

"अगं, डीकन तो."

केझायानं मान हलवली. नाही.

मावशीनं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. हिवाळाभर ही पोर प्लास्टिकला बघून रोज किंचाळली होती. आज किंचाळत नव्हती. ओठ पांढरेफटक, गालांवरून पाणी वाहतंय, आणि आवाज म्हणून नाही. ते बघून मावशीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. केझायानं जन्मात पहिल्यांदा लव्हीमावशीला घाबरलेलं बघितलं, आणि ते मगरीपेक्षाही भयंकर होतं.

पंजा तसाच उभा ठेवून तिनं पिशवी दातात धरली आणि दुसऱ्या हातानं गोळा काढला. या वेळी नेम धरायला थोडा जास्त वेळ घेतला. गोळा किटल्यांच्या मनोऱ्याखाली पडला, पांढरा, डोलत. मुंडकं थांबलं. अगदी सावकाश वळलं. आणखी एक, त्याच्याही पलीकडे. आणखी एक. काळ्या पाण्यावर पाठीची खवल्यांची ओळ एकदा वर आली आणि संपता संपेना.

आता. केझायानं पंजा खाली केला आणि बोट दाखवलं. निघ. सरळ. न धावता.

मावशी निघाली. पाणी खळबळू न देता, पाय घासत. रबरी सूट जड, तळाला शेवाळ. काठ दोन पावलांवर आला आणि तिचा पाय सटकला. धप्प! पलीकडे शेवटचा गोळा तसाच तरंगत राहिला आणि मुंडकं गर्रकन फिरलं.

त्यानंतरचं केझायाला सलग आठवत नाही. आपण गुडघ्यांवर पडलो, तिला कधीही बघवलं नव्हतं त्या काळ्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला, तळाशी मावशीच्या सूटचा पट्टा हाताला लागला, एवढंच आठवतं. ओढलं. दगडानं कोपर सोललं. मावशीची टोपी पाण्यात राहिली. दोघी गवतावर येऊन पडल्या आणि तशाच मागे मागे सरकत बाटल्यांच्या झाडापर्यंत गेल्या. पाण्यात ती टोपी होती, मग नव्हती.

मावशीचं अंग हुडहुडी भरल्यासारखं हलत होतं. केझायानं घरात जाऊन फोन केला, येताना मशिनं आणली आणि एकेक करून मावशीच्या कानात बसवली.

"तो शेडमध्ये आहे," केझाया म्हणाली. "डीकन. मी काल काढला. तुला गंमत दाखवायची होती. मावशी, माझ्यामुळे..."

"काल काढलास?"

"हो."

मावशीनं डोळे मिटून घेतले. "सकाळी तो धबधब्यात अडकल्यासारखा वाटला म्हणून मी त्याला ढकललं, केझी. फावड्याच्या दांड्यानं. जड लागला. म्हटलं, आत पाणी शिरलं असेल." ती थांबली. "आणि हातानं... हातानं नाकावर थोपटलंसुद्धा."

केझायाला उलटीच झाली, तिथेच, झाडाखाली.

मगरी पकडणारा माणूस आला, त्यानं लांब काठीचा फास टाकला. मगरीनं तळ्यात असं काही रण माजवलं की किटल्यांचा मनोरा कोसळला. बाहेर काढल्यावर मावशीनं एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं. एवढ्यात मिस्टर हॉलिस दुकानातून आले. कुंपणाशी उभे राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नेहमीसारखं, आणि मग त्यांची नजर मगरीच्या शेपटीवर गेली. टोक तुटलेलं होतं. ते कुंपणाला धरून उभे राहिले.

"ही तर माझी... हिला सरोवरात सोडणार ना परत?"

"खायला घातलेल्या मगरीला सोडता येत नाही," तो माणूस म्हणाला. "माणसापाशी येत राहते ती."

मिस्टर हॉलिसनी केझायाच्या सोललेल्या कोपराकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. हातातल्या किराणाच्या पिशवीतून पांढरं पाकीट डोकावत होतं, ते त्यांनी आत दाबलं. त्या दिवसापासून ते केझायाला भागूबाई म्हणाले नाहीत. धक्क्यावरही बसलेले दिसले नाहीत.

शनिवारी फेरी झाली. मावशी म्हणाली, दार लावलं तर मी परत कधी उघडणारच नाही. किटल्या दोघींनी भल्या सकाळी पुन्हा रचल्या, वाकड्या का होईना. पाण्यात मुंडकं नव्हतं. डीकन आपल्या जांभळ्या हॅटसकट ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत बसला होता आणि येणाऱ्या बायका त्याच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढत होत्या. डीकन बूनसुद्धा आले, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हा कुणासारखा तरी दिसतोय." मावशी हसली. पण ती ओसरीवरून खाली उतरली नाही, आणि केझायाही पाहुण्यांत नव्हती. ती काठावर उभी होती, पाण्याकडे तोंड करून, आणि कुणाचं पोर दगडांजवळ गेलं की तिचा पंजा आपोआप उभा राहायचा.

काळा रंग विरळ व्हायला बरेच दिवस लागले. पुन्हा सोडला नाही. कुंपणाखालची घळ दगडांनी बुजवली. मासे हळूहळू धबधब्याखालून बाहेर आले. मोठा नारिंगी तेवढा आला नाही. एका संध्याकाळी कमळाच्या कुंड्या हलवायच्या म्हणून मावशीनं सूट चढवला, मशिनं काढून ठेवणार, तर हात तिथेच अडला. ती काठावर येऊन उभी राहिली. जिनं वादळात बस हाकली, ती मावशी कमरेइतक्या पाण्याकडे बघत उभी होती आणि पाऊल पुढे पडत नव्हतं. तिनं केझायाकडे बघितलं.

केझायाची भीती होतीच. आता ती रोज असणार होती आणि केझायानं तिला हाकलायचं सोडून दिलं होतं. ती खांबापाशी गेली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. लव्हाळं, कमळाची पानं, किटल्यांची सावली. मग कान दिले.

एक बेडूक ओरडला. मग दुसरा. मग सगळ्या तळ्यानं गलका केला.

तिनं बोट दाखवलं. मावशीनं मशिनं काढली आणि पाण्यात पाऊल टाकलं. केझायाचा दुसरा हात मात्र लाल पाटीच्या दांड्यावरच होता. गंज काढून, तेल घालून, तो आता नुसत्या बोटानंही फिरत होता.